पंचावन्न वर्षांचा पुरुष

बजाजनगरात पहिली पाळी सुटली की कंपन्यांच्या बसगाड्या चौकात येऊन थांबतात आणि माणसं रिकामे डबे घेऊन आपापल्या गल्लीला लागतात. अजिनाथ त्यांतलाच एक. उमेदीची सगळी वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात प्रेसच्या मशीनवर गेली होती. डाव्या करंगळीचं एक पेरही तिथंच राहिलं होतं. घरी आलं की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि दारातल्या उजेडाला खुर्ची ओढून निवांत बसायचं, हा त्याचा शिरस्ता. पण त्या वर्षी माघापासून त्यात बदल झाला. चहा झाला की तो चष्मा लावायचा, लेकीचा मोबाईल हातात घ्यायचा आणि मोठ्यानं इंग्रजी वाचायला लागायचा.

लेक सुकेशनी. किरगिझस्तानात राहून डॉक्टरकी शिकून आलेली. पण बाहेरच्या देशात शिकलेल्याला इथं रोगी तपासायचा तर सरकारची एक परीक्षा पास करावी लागते, त्याशिवाय परवाना नाही. वर्षातून दोनदा होणाऱ्या त्या परीक्षेत सुकेशनी दोन्ही खेपेला नापास झाली होती. पैठणजवळच्या त्यांच्या वाडीत लोक तिला कधीचेच डॉक्टरीणबाई म्हणायला लागले होते, म्हणून दुसऱ्या निकालानंतर तिनं वाडीला जाणंच टाकलं.

"अडतंय कुटं?" अजिनाथनं एकदा विचारलं होतं. आवाजात राग नव्हता. मशीन बंद पडल्यावर ऑपरेटरला विचारावं तसं विचारलं.

"येतं मला सगळं, अण्णा. पण प्रश्न अर्धा वाचून झाला की माझी नजर खालच्या पर्यायांवर पळते. घाबरून काहीतरी ठोकून देते."

"मग मी वाचतो. तू डोळे मीट. पर्याय मी शेवटाला सांगंन."

अजिनाथ पैठणच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेला. पुढचं इंग्रजी त्यानं मशीनवरच्या पाट्या वाचून उचललं होतं. रोगांची नावं वाचताना त्याची जीभ अडखळायची. सुकेशनी डोळे मिटूनच दुरुस्त करायची, "न्यूमोनिया, अण्णा. पहिलं अक्षर सोडून द्या." मग तो ते मनात दोनदा घोळवायचा आणि पुढं जायचा.

त्याच्या बायकोला, बानाबाईला, इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ती उंबऱ्याशी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलायची, नाहीतर दाणे निवडायची. पहिले दोन-चार दिवस तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "तुमी दोघं बोलता आन मी काय भिताड हाय का? मला बी सांगा, कोन आजारी हाय ते."

तेव्हापासून अजिनाथ प्रत्येक प्रश्न आधी इंग्रजीतून वाचायचा आणि मग बायकोला आपल्या भाषेत सांगायचा. एक पोरगा हाय, सहा वर्षांचा, घड्याळाचा सेल गिळलाय. एक शेतकरी हाय, भुईवर झोपला व्हता, सकाळी उठला तर पापण्या उघडंनात. बानाबाईच्या डोळ्यापुढं ती माणसं उभी राहायची. सुकेशनीनं उत्तर दिलं की तिचं ठरलेलं असायचं, "मग वाचला का त्यो?"

"प्रश्नात तेवढंच असतं, आई. पुढं काय करायचं, एवढंच विचारतात."

"लई अर्धवट प्रश्न हायेत," बानाबाई म्हणायची आणि आपल्यापुरतं त्या माणसाला बरं करून टाकायची.

एकदा अजिनाथनं वाचलं आणि सांगितलं, "एक बाई हाय. पहिलटकरीण. आठवा महिना. डोकं फुटाया झालंय, डोळ्यापुढं काजवे चमकतेत, पायावर सूज."

बानाबाईचे हात थांबले. "आवडाबाईला असंच झालं व्हतं की."

आवडाबाई म्हणजे अजिनाथची धाकटी बहीण. त्याचे वडील बिरू मेंढरं घेऊन फिरायचे. गंगथडीला, गोदावरीच्या काठी, कुणाच्या तरी रानात मेंढरांचा वाडा बसलेला असताना आवडाबाईला झटके सुरू झाले. बाहेरचं झालं म्हणून देवाला कोकरू बोललं, अंगारा लावला. उजाडायच्या आत बाळासकट गेली.

"याच्यात काय करायचं असतं?" अजिनाथनं विचारलं. पर्याय त्यानं वाचलेच नाहीत.

"मॅग्नेशियमचं इंजेक्शन. बीपीचं औषध. मग बाळंतपण उरकून घ्यायचं."

"हे इंजेक्शन लई महाग असतं का?"

"नाही हो अण्णा. साधं असतं. तालुक्याच्या दवाखान्यातही मिळतं."

"तवा बी मिळत असंल?"

सुकेशनीनं डोळे उघडले. बाप मोबाईलकडं बघत होता. "मिळत असेल," ती हळूच म्हणाली. त्या दिवशी पुढचा प्रश्न कुणी वाचला नाही. अजिनाथ उठून चौकापर्यंत गेला आणि बराच वेळ आला नाही.

होळी झाली, ऊन तापायला लागलं. अजिनाथचं जेवण कमी झालं. भाकरीचा चतकोर तसाच ताटात राहायचा. बानाबाईनं विचारलं तर म्हणायचा, कॅन्टीनमध्ये खाल्लंय. मग खाज सुटली. आधी तळहाताला, मग पाठीला. वाचता वाचता तो दाराच्या चौकटीला पाठ घासायचा. बानाबाईनं कडुनिंबाचा पाला उकळून आंघोळीला दिला, फरक पडला नाही. एक दिवस त्याचे आतले कपडे धुवायला घेतले तर त्यावर हळदीसारखे डाग. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आरशापुढं उभं केलं. डोळे पिवळे झाले होते.

"कावीळ झालीय तुमाला."

"हळू बोल. ती अभ्यास करती."

दोघांनी संगनमत केलं. पैठणच्या अलीकडं एका खेड्यात काविळीचं औषध देणारा बाबा होता, तिथं रविवारी जायचं. लेकीला सांगितलं, पाहुण्यांत साखरपुडा आहे. बाबानं ताकातून कसलीशी मुळी दिली, तेलमीठ बंद करायला सांगितलं. बानाबाईनं पंधरवडाभर अळणी भाजी शिजवली. सुकेशनी म्हणाली, "आई, मीठ विसरलीस." बानाबाई म्हणाली, "वरून घे."

सुकेशनी दिवसभर पडदा ओढून अभ्यास करायची आणि दुपारनंतर बापापुढं डोळे मिटून बसायची. तिला दिसलं नाही. कुणी दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं.

मग तो प्रश्न आला.

चैत्रातली लख्ख दुपार होती. अजिनाथनं नेहमीसारखी सुरुवात केली, "ए फिफ्टी फाइव्ह इयर ओल्ड मेल..." आणि पुढं वाचत गेला. मधे कुठंतरी त्याचा आवाज संथ झाला. एकेक शब्द तो पायाखालची फळी चाचपडत जावं तसा उच्चारायला लागला. वाचून संपलं तेव्हा त्यानं मोबाईल मांडीवर उपडा ठेवला.

बानाबाई वाट बघत होती. "कोन हाय? सांगा की."

अजिनाथ बोलला नाही. सुकेशनीही उत्तर देईना. एरवी प्रश्न संपायच्या आत तिच्या ओठांची चाळवाचाळव सुरू व्हायची. आज तिनं सावकाश डोळे उघडले आणि समोर बघितलं. दारातला उजेड थेट अजिनाथच्या तोंडावर पडलेला होता.

ती उठली. बापाच्या खुर्चीपुढं गुडघ्यावर बसली. अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढली. मग दुसरी.

"अण्णा, लघवी कशी होते?"

"चहासारखी."

"कधीपासून?"

"झाले दिस."

"पोट दुखतं?"

"नाय. दुखत नाय कुटंच. म्हून तर वाटलं..."

"इकडं झोपा बरं." तिनं त्याला कॉटवर निजवलं, सदरा वर केला आणि उजव्या बरगडीखाली बोटं टेकवून श्वास घ्यायला लावला. बोटं एका जागी थांबली. तिथंच थांबून राहिली.

"काय हाय?" बानाबाई उठून उभी राहिली. मांडीवरच्या शेंगा घरभर झाल्या. "काय लिवलंय त्याच्यात?"

"कायी नाय," अजिनाथ छताकडं बघत म्हणाला. "सुके, पर्याय वाचायचे राहिलेत. चार हायेत. वाचू?"

"नका वाचू," सुकेशनी म्हणाली.

पुढचे दिवस दवाखान्यात गेले. आधी सोनोग्राफी, मग मोठ्या मशीनमधला फोटो, मग शहरात आमखास मैदानाच्या बाजूला कॅन्सरच्या सरकारी दवाखान्यात. बानाबाईला त्या पाटीवरचं वाचता येत होतं, पण तिथं तर साध्या गाठीवालेही येतात असं तिला सांगण्यात आलं आणि तिनं ते मानून घेतलं. एक्सरेच्या खोलीबाहेरचा शिपाई मामू प्रेमळ होता. "अम्मा, इन्कू अभी पानी नक्को देना," असं तो तिला दोनदा समजावून गेला, आणि बसायला आपलं स्टूल दिलं.

तिथल्या तरुण डॉक्टरनं सुकेशनीला बाजूला घेतलं आणि फोटो उजेडाला धरून समजावायला लागला. ती मधेच एकदोन प्रश्न विचारत होती. डॉक्टर थांबला. "तुम्ही मेडिकलच्या का?"

सुकेशनीनं वळून बघितलं. पलीकडं बाकावर अजिनाथ होता. सकाळपासून त्या बाकावरच्या प्रत्येक माणसाला त्यानं सांगून ठेवलं होतं की माझी लेक डॉक्टर आहे.

"नाही," ती म्हणाली.

बानाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं ऐकलं होतं. त्यानं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि तिच्या कडा सारख्या करत बसला.

बानाबाईला एवढंच सांगितलं, की पित्ताची नळी तुंबलीय, आतून दुसरी नळी बसवली की रंग उतरेल. तसंच झालं. नळी बसवल्यावर आठवड्याभरात डोळे पांढरे झाले, खाज थांबली, अजिनाथ वाटीभर वरणभात खायला लागला. बानाबाईला हायसं वाटलं. तिनं बिरोबाला नारळ फोडला, पुरण घातलं, गल्लीत पाच घरी पोळ्या दिल्या. बापलेकीनं त्या पोळ्या मान खाली घालून खाल्ल्या.

दुपारचं वाचन पुन्हा सुरू झालं. पण अजिनाथ आता बायकोला मराठीतून सांगत नव्हता. तो वाचायचा, सुकेशनी उत्तर द्यायची, पुढचा प्रश्न. कधी मधेच दोघं हळू आवाजात काहीतरी बोलायची, त्यात इंग्रजी शब्दच जास्त. बानाबाई उंबऱ्याशी बसून ऐकायची. आपल्याच घरात आपण परक्या गावच्या स्टँडवर बसलोय असं तिला वाटायला लागलं. वजन काही भरत नव्हतं. पॅन्टच्या पट्ट्याला अजिनाथनं खिळ्यानं नवं भोक पाडून घेतलेलं तिनं पाहिलं. एकदा सुकेशनी मोरीत तोंडात ओढणी कोंबून रडतानाही तिनं ऐकलं, आणि बाहेर आल्यावर लेक म्हणाली, साबण डोळ्यात गेला.

मग एका दुपारी तिनं नवऱ्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला.

"त्या दिशी वाचला त्यो मानूस कोन व्हता?"

"कोनता?"

"माझ्या शेंगा सांडल्या त्या दिशीचा. समद्यांचं सांगितलं मला. सेल गिळल्याल्या पोराचं सांगितलं. साप चावल्याल्याचं सांगितलं. त्याचंच तेवढं कामून नाय सांगितलं?"

सुकेशनी म्हणाली, "आई, ते तसलं काही नव्हतं गं..."

"तुझ्या तोंडावर लिवल्यालं मला वाचाया येतं, सुके. त्याला इंग्रजी लागत नाय."

अजिनाथनं चष्मा काढला. थकल्या माणसासारखे डोळे चोळले. "सांग तिला," तो म्हणाला.

"अण्णा, तुम्हीच..."

"मी नाय. तू सांग. उद्या दवाखान्यात बसशीन तवा पेशंटच्या बायकोला कोन सांगनार? हे बी यायला पायजे तुला. बस तिच्यापुढं. नीट सांग."

सुकेशनी आईपुढं जमिनीवर बसली. सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात दोन इंग्रजी शब्द आले. ती थांबली. स्वादुपिंड म्हणाली. बानाबाई म्हणाली, "ते काय असतं?" सुकेशनी परत थांबली. तिनं आईचा हात धरला, तिच्याच पोटावर ठेवला, बेंबीच्या वर.

"इथं, जठराच्या मागं, पाठीला लागून एक पिंड असतो. आपलं खाल्लेलं पचवायला रस करतो. अण्णांच्या त्या पिंडाला गाठ झालीय. वाईट गाठ आहे, आई. कॅन्सरची. पित्ताची नळी तिनंच दाबली होती, म्हणून कावीळ दिसली."

"पन कावीळ तर उतरली."

"नळी बसवली म्हणून उतरली. गाठ आहे तिथंच आहे."

"मग काढा म्हनावं. आपरेशन करा."

"नाही करता येत. मोठ्या रक्ताच्या नळ्यांना तिनं विळखा घातलाय. कापायला गेलं तर टेबलावरच..." सुकेशनीनं ते वाक्य तिथंच सोडलं. मग ती पुढं बोलली. "औषधं आहेत, सलाइनमधून देतात. त्यानं थोडा वेळ वाढतो. बरं होत नाही."

"किती येळ?"

"महिने, आई. वर्ष निघेल असं मला वाटत नाही."

बानाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो तिच्याकडंच बघत होता, काहीतरी फोडल्यावर पोर बघतं तसा.

"दुखंल का?" बानाबाईनं विचारलं.

"दुखेल. पुढं पुढं जास्त. पण दुखण्यावर औषध मिळतं, ते मी आणीन. जमेल तेवढं दुखू देणार नाही."

तेवढ्यात गल्लीत कुणीतरी ओरडलं, "नळ आला!" कुठं कुठं बादल्या वाजल्या. पाणी आठवड्यानं आलेलं, आणि ते कधी जाईल याचा भरवसा नव्हता. बानाबाई उठली. पदर खोचला. नळाला पाइप लावला, पिंप भरलं, दुसरं भरलं, हंडे, कळशा, अगदी चहाचं पातेलंही भरून घेतलं. भरताना ती रडत होती, आणि पाण्याच्या आवाजात ते ऐकू येत नव्हतं. सुकेशनी मदतीला आली तर तिनं तिला कोपरानं बाजूला सारलं. सगळं भरून झालं, तरी ती पाइप धरून मोरीत उभी राहिली. पाणी वाहून चाललं. शेवटी अजिनाथ भिंतीला धरत आला आणि त्यानं चावी बंद केली.

"बाने," तो म्हणाला, "प्रश्न वाचाया बसायचंय. चल."

त्या दिवसापासून तो पुन्हा मराठीतून सांगायला लागला.

कंपनीची नोकरी सुटली. वाचन दुपारवरून सकाळवर आलं, कारण दुपारपर्यंत त्याला थकवा यायचा. सलाइनची औषधं दोन वेळा घेतली आणि त्यानं तोंड इतकं आलं की तिसऱ्यांदा तो म्हणाला, आता नको. सुकेशनीनं परीक्षा सोडायचं मनावर घेतलं होतं. एकदा बोलूनही दाखवलं. अजिनाथनं वाचता वाचताच उत्तर दिलं, "मी काय सोडलंय का काय? तुजं काय अडलंय?" आणि पुढचा प्रश्न सांगितला.

ज्येष्ठात दुखायला लागलं. पोटातून पाठीत जाणारी कळ. सुकेशनीनं दवाखान्यातून मॉर्फिनच्या गोळ्या आणल्या, वेळा लावून दिल्या, बद्धकोष्ठाचं औषध सोबत दिलं. बहुतेक दिवस तिनं शब्द पाळला. एका दिवशी मात्र गोळ्या वरचेवर उलटून पडल्या आणि कळ काही थांबेना. अजिनाथ गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडं तोंड करून पडला होता आणि त्याच्या तोंडून लहानपणी मेंढरांना घालायच्या हाका निघत होत्या. सुकेशनी रिक्षानं शहरात जाऊन अंगाला चिकटवायची औषधाची पट्टी घेऊन आली तोवर बानाबाई त्याच्या पाठीला पाठ लावून बसून राहिली. दुसरं काय करावं तिला सुचलं नाही. पट्टी लागल्यावर संध्याकाळी तो शांत झाला.

वाचन शेवटपर्यंत चाललं असं म्हणता येणार नाही. डोळ्यांना अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हा सुकेशनीच प्रश्न वाचायची आणि त्यानं फक्त ऐकायचं. उत्तर बरोबर की चूक ते तिनंच बघायचं. तो मधेच झोपून जायचा. जागा झाला की विचारायचा, "कुठवर आलो?" सुकेशनी म्हणायची, "निम्म्यावर, अण्णा."

आषाढ निम्मा झाला होता. सकाळी बानाबाई त्याच्या ओठाला चमच्यानं पाणी लावत होती आणि ते आत जाईना. तिनं लेकीला हाक मारली. सुकेशनीनं मनगट धरलं, मग मान, मग छातीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. डोकं वर न करताच ती म्हणाली, "आई, गेले अण्णा."

मातीला वाडीला नेलं. अजिनाथचा धाकटा भाऊ पुंजाराम यानं अग्नी दिला, तिसऱ्या दिवशी राख सावडून पैठणला गोदावरीत सोडली. सुकेशनी सगळीकडं उभी होती, कुणाला पाणी हवंय, कुणाला भोवळ आलीय ते बघत होती. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बाया आपसांत बोलल्या, डॉक्टरीणबाईचं काळीज दगडाचं असतं.

परीक्षा त्याच आठवड्यात होती, पुण्याला. दहाव्याच्या आधीच.

पुंजाराम म्हणाला, "सुतकात कुटं जायाचं? घरची पोर हाय ती. लोक तोंडात शेण घालतील. पुढच्या टायमाला देईल."

सुकेशनी म्हणाली, "बरोबर आहे काकांचं. माझ्या डोक्यातही काही नाही आता. पुढच्या वेळी देते."

बानाबाई कोपऱ्यात पांढऱ्या लुगड्यात बसलेली. हातात बांगड्या नव्हत्या आणि त्या उघड्या मनगटांकडं तिची नजर पुन्हा पुन्हा जात होती. ती म्हणाली, "भावजी, घरच्या मानसानं मरताना सुदीक तिचे प्रश्न आयकले. लोकांना काय म्हनायचं ते म्हनू द्या. मी नेते तिला."

"तू? वैनी, तू उंबरा वलांडायचा नाय दहाव्यापतुर."

"व्हय, नाय वलांडायचा. पन मी वलांडनार हाय."

पुंजाराम उठून बाहेर गेला. पुढं बरेच दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

आदल्या दिवशी मायलेकी एस्टीनं पुण्याला गेल्या आणि तिथं एका गाववाल्या बाईच्या घरी उतरल्या. सकाळी परीक्षेच्या इमारतीपुढं पोरापोरींची रांग होती. सोबत आलेले आईबाप फाटकाबाहेर फुटपाथवर वर्तमानपत्रं पसरून बसले होते. सुकेशनीनं गळ्यातली साखळी काढून आईच्या हातात दिली, कारण आत काही नेता येत नव्हतं, आणि ती मागं न बघता आत गेली. शेजारच्या एका बाईनं बानाबाईला विचारलं, "मिस्टर नाही आले?" बानाबाई म्हणाली, "नाय." बाईनं मग तिच्या कपाळाकडं बघितलं आणि आपल्या डब्यातली अर्धी पोळी तिच्यापुढं केली.

संध्याकाळी सुकेशनी बाहेर आली. बानाबाईनं साखळी परत तिच्या गळ्यात घातली.

त्या खेपेला ती थोडक्यात हुकली. परवाना तिला त्याच्या पुढच्या परीक्षेत मिळाला, तोवर हिवाळा लागला होता. ते सगळं पुढचं. त्या संध्याकाळी दोघींना ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या स्टँडवर आल्या, छत्रपती संभाजीनगरची गाडी लागलेली होती, मागची दोन जणांची सीट मिळाली.

अहिल्यानगरच्या अलीकडं गाडी एका हॉटेलपाशी थांबली. लोक उतरले. बानाबाईनं खाली जाऊन कागदात भजी आणली. सुकेशनीनं एक उचललं, तोंडाशी नेलं आणि तसंच धरून ठेवलं.

"आई, मला आधी दिसायला पाहिजे होतं गं. रोज समोर बसत होते."

"दिसलं असतं तर गाठ काडता आली असती का?"

सुकेशनीनं मान हलवली. नाही.

"खरं बोलतीस का मला बरं वाटावं म्हून?"

"खरं आहे."

"मग बास झालं," बानाबाई म्हणाली आणि तिनं लेकीचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं. अण्णा गेल्यापासून सुकेशनी पहिल्यांदा रडली, मोठ्यानं, हुंदके देत, भजं हातात चुरगाळलं गेलं. लोक परत येऊन आपापल्या जागेवर बसले. कुणी वळून बघितलं, कुणी मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं. कंडक्टर तिकिटं मोजत मागं आला, दोघींपाशी क्षणभर थांबला, परत गेला आणि त्यानं ड्रायव्हरला थोडं थांबायला सांगितलं. बानाबाई लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाहेर केव्हाच अंधार पडला होता.